पालखी आमचं दार सोडून पुढे गेली तेव्हा

तुम्ही विचारलंय की धर्म राजकारणात घुसला की माणसाला हवं ते मानायचं स्वातंत्र्य उरतं का. दिल्लीचं टीव्हीवर रोज चालूच असतं, मी गुहागर तालुक्यातला, वाडीतलं सांगतो.

काही वर्षांमागे ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली. गावकीची सभा देवळात भरली, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची दोन माणसंपण रातोरात गाडी पकडून आलेली. पॅनल आधीच ठरलेलं, कारण त्यांनी देवळाची कौलं काढून स्लॅब टाकून द्यायचं कबूल केलं होतं (चांगल्या कौलारू देवळाची वाट लावायची ही काय फॅशन आहे कळत नाही, असो). मग देवापुढे नारळ ठेवला आणि प्रत्येक घरातल्या कर्त्याने त्यावर हात ठेवून बोलायचं की आमच्या घरची मतं यांनाच. आमच्याकडे नारळावर हात ठेवला म्हणजे विषय संपला, फिरलास तर देव बघून घेईल. पैसे वाटण्यापेक्षा हे स्वस्तात पडतं.

माझ्या काकाने हात ठेवला नाही. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, रोज संध्याकाळी देवळात जाणारा माणूस, नास्तिक वगैरे काय नाय. एवढंच म्हणाला, "देवाला ह्यात कशाला आणताव?"

त्या शिमग्याला पालखी आमच्याकडे आली नाही. कोकणाबाहेरच्यांना हे किरकोळ वाटेल, पण इथे वर्षातून एकदा देव स्वतः घरी येतो, त्यासाठी माणसं नोकरीवर खाडे करून येतात. आजीने अंगण सारवून ओटीचं ताट भरून ठेवलेलं, ढोल शेजाऱ्यांच्या अंगणापर्यंत आला आणि तिथूनच खालच्या वाडीत उतरला. आजी ताट घेऊन तशीच उभी.

आता यात श्रद्धा कोणाची मारली गेली? न मानणाऱ्याचं काहीच गेलं नसतं, गेलं ते मनापासून मानणाऱ्याचं. घटनेच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे ना, ते अशा माणसालाच सगळ्यात जास्त लागतं.

कायदा नाही असं नाही. देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत फिरवणं लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरण धरलंय, आमदार-खासदारकीसाठी. जुन्या दंड संहितेतल्या १७१-सी मध्ये तर ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्याच निवडणुका येत होत्या. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ ला कायदा केलेला, पण १९६२ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, कारण धर्मसंस्थेला स्वतःचा कारभार बघायचा हक्क आहे. म्हणजे एका माणसाच्या हक्कासमोर अख्ख्या समाजाचा हक्क उभा राहिला आणि समाज जिंकला. मग महाराष्ट्राने २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आम्ही काकाला म्हटलं चल पोलिसात जाऊ. तो म्हणाला, पोलिसांनी आणलेली पालखी आजीला चालेल काय? यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या निवडणुकीत सरपंच बदलला आणि शिमग्याला पालखी आपोआप दारात आली, कोणी माफी मागितली नाही की काही बोललं नाही. काकाने मत कोणाला दिलं ते आम्हाला अजून माहीत नाही.