६८ वर्षांच्या आईने पायांसाठी वजनाचे व्यायाम करावेत का, की चालणं पुरे?

चालणं पुरे नाही. तुमच्या घरचे 'या वयात वजनं कशाला' म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, आणि हेच वाक्य माझ्या नणंदेने मला इतकं ऐकवलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

मी ६६ ची, साताऱ्याची. वन्सं आणि मी रोज सकाळी चालायला जायचो, तेही झपझप. तरी एकदा स्टँडवर एसटीची पायरी मला चढवेना. पाय वर ठेवला, पण अंगच उचललं जाईना. मागे रांग खोळंबलेली. शेवटी कंडक्टरने दंडाला धरून वर घेतलं. वन्सं म्हणाल्या, "वय झालं आता आपलं, हिंडणं कमी कर." २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय आणि मी पायरीला भिऊन घरी बसायचं? मला ते पटेना.

जिममध्ये गेले तर तिथल्या मुलाने एकेक किलोची डंबेल्स हातात दिली. "काकू, झेपेल तेवढंच करा." अहो, दळणाचे डबे आयुष्यभर कोणी वाहिले? आणि दुखणं पायांचं, डंबेल्स हाताला! मग एका फिजिओथेरपिस्ट मुलीने मला लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन रेटायच्या यंत्रावर, बसवलं आणि शेवटचे दोन-तीन रेटे जड जातील एवढं वजन लावलं. ते सोपं वाटू लागलं की वाढवायची. आज मी दांडी धरून एकटी एसटीत चढते.

वन्संचं म्हणणं, म्हातारपणी स्नायू वाढत नाहीत. साफ खोटं. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या लोकांनी आठ आठवडे पायांनी जड वजनं उचलली आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

नुसती ताकदही पुरत नाही, चपळाई हवी. ठेच लागली की दुसरा पाय पटकन पुढे पडला तरच माणूस सावरतं, आणि वयाबरोबर ताकदीच्या आधी हा झटकाच जातो. तिथल्याच २००२ च्या एका अभ्यासात सत्तरीतल्या बायकांना १६ आठवडे व्यायाम दिला. वजन झटक्यात रेटणाऱ्यांचा लेग प्रेसवरचा झटक्याचा जोर ९७ टक्के वाढला, सावकाश रेटणाऱ्यांचा ४५. म्हणून आईला सांगा, खुर्चीतून उठताना झटकन उठायचं, बसताना मात्र हळूहळू. आधी हात न टेकता जमू दे, मग छातीशी वजन धरून. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. टाचा उचलणं आणि पायरी चढउतारही हवंच. चालणं सोडू नका, ते हृदयासाठी चांगलंच आहे.

बीपी फार वर असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सुरुवात जाणकारासमोर करा. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. गुडघ्यांची झीज असली तरी व्यायाम टाळू नका. मांड्यांना बळ देणं हा तर त्यावरचा पहिला उपाय. वन्संना हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. त्या अजून फक्त चालतात आणि जिना उतरताना माझा खांदा धरतात.