वार लावून जेवणारे विद्यार्थी

प्रश्न : आमचे आजोबा 1912 च्या सुमारास कोकणातून पुण्यास शिकायला आले आणि वार लावून जेवले, असे घरात सांगतात. ही पद्धत कशी चाले? ती माधुकरीहून वेगळी होती का? सर्वच गरीब मुलांना तिचा आधार होता का? – एक वाचक, सातारा

उत्तर : माधुकरी मागणारा मुलगा दुपारी झोळी घेऊन घरोघर फिरे आणि जमलेले अन्न बिऱ्हाडी आणून खाई. वार मात्र ठरलेला असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे मिळाली की आठवडा भरे, आणि मुलगा त्या घरच्या पंक्तीलाच बसे. एखादा वार रिकामा राहिला, यजमानांच्या घरी सुतक आले किंवा मंडळी गावी गेली, तर त्या दिवशी माधुकरी किंवा उपास. या पद्धतीवर कित्येकांची शिक्षणे पुरी झाली, आणि त्याचे मोठे श्रेय रोजच्या स्वयंपाकात एका परक्या मुलाचे पान धरणाऱ्या गृहिणींना आहे, असे मला मनापासून वाटते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी द्यावे लागते. दान स्वयंपाकघरातून होत असल्यामुळे सोवळ्याओवळ्याचे सारे नियम त्याला लागू होते. म्हणून वार आणि माधुकरी या प्रामुख्याने ब्राह्मण मुलांच्याच सोयी राहिल्या, आणि शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या हुशार मुलाला पुण्यासारख्या शहरात पोटाची कोणतीच वाट नव्हती. ही उणीव वसतिगृहांनी भरून काढायला घेतली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि त्यांच्याच आश्रयाने पुढे जैन, मुसलमान व अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृहे निघाली. पुण्यात 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, स्थापन झाले. या वसतिगृहांमुळे मुलाचे जेवण एका घराच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही, हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तरीही बहुतेक ठिकाणी पंगत जातवार वेगळीच होती.

आपल्या साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू आणि जेवू लागली. तिथला शिधा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी आपले मंगळसूत्रही दिले.

आजोबांच्या सात घरांची नावे घरात कोणाला आठवत असतील, तर ती अवश्य लिहून ठेवावीत. अशा दानाची नोंद कोणत्याही संस्थेच्या दप्तरात सापडत नाही.