साडेसहा तासांत अमेरिका?

प्रश्न : पोरगा न्यूयॉर्कला नोकरीला आहे. दसरा झाला की आम्ही दोघं जातो म्हणतो. तिकिटावर मुंबईहून रात्री 2 ला निघून सकाळी 8:30 ला पोचणे, तारीख तीच. पानठेल्यावर सारे म्हणतात, साडेसहा तासांत अमेरिका! अन् येताना सकाळी 11:30 ला बसलो तर मुंबई दुसऱ्या दिवशी 11:30 ला. हे कसं? शिवाय पोरगा सांगते, विमान पार उत्तरेकडून गेलं. एवढा फेरा कशाला?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पानठेल्यावर सांगा, साडेसहा तासांत मुंबईहून लंडनही येत नाही. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते अन् पोचायची न्यूयॉर्कची. ऑक्टोबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथे सकाळचे 8:30 म्हणजे दारव्ह्यात संध्याकाळचे 6. झाले की 16 तास! येताना 24 मधून तेच साडेनऊ वजा करा, साडेचौदा उरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, मग फरक साडेदहाचा. पोराला फोन लावताना ध्यानात असू द्या.

अंतर तेच, मग येताना दीड तास कमी का? वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा पट्टा वाहतो, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज. विमान ताशी नऊशेच्या आसपास. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी. वाऱ्याच्या तोंडाला सायकल हाणलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगू?

आता फेऱ्याचं. झेडपीच्या शाळेतून पृथ्वीगोल मागून आणा. धाग्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. धागा आपसूक वर सरकून नॉर्वे-आइसलँडवरून जातो. तोच सर्वांत जवळचा रस्ता, सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून जी सरळ रेघ निघते ना, ती 14,000 च्या वर भरते! अर्थात विमान अगदी धाग्यावरून जातंच असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक विमानांना वळसा पडला.

नागपूर-मुंबई हवाई अंतर 680 किलोमीटरच, दीड-पावणेदोन तास. पण यवतमाळहून नागपूर गाठायलाच एसटीने त्याच्या दुप्पट वेळ जातो, तो हिशेबात धरा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावं लागतं, म्हणून नागपूरहून दुपारचंच विमान घ्या, रात्रीचं नको. आणि तारीख नीट वाचा : 25 तारखेचं रात्री 2 चं विमान म्हणजे 24 च्या रात्री अकरापर्यंत मुंबईच्या विमानतळावर हजर. 25 ला घरून निघाल, तर विमान गेलेलं असेल.