दोन टक्क्यांची 'लाट' आणि रडणारा कार्यकर्ता

प्रश्न : पोलमध्ये एक पार्टी दोन टक्क्यांनी पुढे दिसली की चॅनलवाले लगेच 'लाट' म्हणून ओरडतात, आणि हरलेल्या बाजूचा कार्यकर्ता रडला की त्याची खिल्ली. विश्वास कुणावर ठेवायचा?

उत्तर : नीट निवडलेल्या हजार लोकांच्या पोलमध्येही साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होतंच, म्हणजे दोन टक्क्यांच्या फरकाला लाट म्हणताच येत नाही, आणि अँकरला हे चांगलं माहीत असतं तरी ही ३ टक्क्यांची ओळ स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात जाते. सॅम्पल किती (म्हणजे किती लोकांना विचारलं), पोलचे पैसे कुणी दिले, हे जो आधी सांगतो त्याचंच ऐका. आणि तो रडणारा माणूस, अहो महिनाभर दारोदार फिरलाय तो, त्याच्या तोंडासमोर माइक धरून 'आता कसं वाटतंय' विचारणं म्हणजे निव्वळ छळ आहे. असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका, तो विरोधी पार्टीचा असला तरी.