सोनाबाईला कुणी नेलं?

रूथबाळा,

इथे कॅनडात निवासी शाळांमध्ये नेलेल्या आदिवासी मुलांची आठवण म्हणून शाळेत घातलेला नारिंगी टी-शर्ट परवा घरी आल्यावर न बदलताच तू जेवायला बसलीस, आणि मी भाजी वाढत असताना विचारलंस, "आई, आजीच्या आजीलापण मिशनवाल्यांनी असंच उचलून नेलं होतं का? मग आपण दर रविवारी तिथे का जातो? चर्च असतं तरी कशाला?" मी म्हटलं, आधी जेव. बाबा हसले. तुला वाटलं असेल, आईने टाळलं. टाळलंच, कारण लागलं मला ते. आता लिहितेय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे ठाऊक आहे, पण सावकाश वाच. हे मला इंग्रजीत जमत नाही.

सोनाबाईचं आधी सांगते. १८९९-१९०० च्या दुष्काळात ती मिशनच्या एका अनाथाश्रमात आली, तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. कशी आली याच्या आपल्या घरात दोन गोष्टी आहेत. मोठी आजी, म्हणजे सोनाबाईची मुलगी, सांगायची की बापाने स्वतः तिला फाटकापाशी आणून सोडलं, पाऊस पडला की न्यायला येतो म्हणाला, आणि आलाच नाही. विमलमावशी म्हणते, छे, मिशनची बैलगाडी गावोगाव फिरून पोरं गोळा करत होती, त्यात हिला घातलं, बापाला मागाहून कळलं. दोघी इतक्या खात्रीने सांगायच्या की लहानपणी मला वाटे दोन सोनाबाया असणार. सोनाबाईला विचारलं तर ती म्हणे उठून चुलीकडे जायची.

तुझ्या शाळेत त्या दिवशी फिलिस वेबस्टॅडची गोष्ट सांगितली ना? १९७३ साल, सहा वर्षांची पोर, आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट, आणि निवासी शाळेच्या पहिल्याच दिवशी तो काढून घेतला. कॅनडात अशी दीड लाखाच्या आसपास आदिवासी मुलं घरापासून तोडून या शाळांत नेली. पैसा आणि कायदा सरकारचा, शाळा चालवणारी चर्चं. आपली भाषा बोललं की मार. शेवटची शाळा बंद झाली तेव्हा मी कॉलेजात होते, इतकं हे अलीकडचं आहे.

तू विचारलंस तेव्हा माझ्या जिभेवर एकच वाक्य होतं, "आपलं तसं नव्हतं." आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली. पोरांना आईबापांपासून तोडायचा कायदा त्यांच्या हातात नव्हता, आणि शिकवायचं ते मराठीतून. त्यांचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरातूनच निघालं. याच मिशनच्या मिस सिंथिया फरार तिथे मुलींच्या शाळा चालवायच्या. त्या पाहून आल्यावर जोतिराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सोनाबाई मराठी लिहा-वाचायला शिकली, तिची मुलगी नर्स झाली, तिची मुलगी म्हणजे तुझी आजी शिक्षिका, आणि मी इथे बर्फ उपसतेय. दुष्काळात बाकीच्या भावंडांचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही.

पण उपाशी पोराला ज्याने भाकरी दिली त्यानेच बाप्तिस्माही दिला, तर त्यातलं तिने काय मागितलं होतं? रजिस्टरात तिचं नाव मार्था लावलं. घरी सगळे मरेपर्यंत सोनाबाईच म्हणाले. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही आणि तुझ्यापुढे पक्क्या उत्तराचं सोंग मला आणायचं नाही.

माझ्यापुरतं चर्च म्हणजे काय होतं, एवढं मात्र सांगू शकते.

आम्ही नगरला मिशनच्या कंपाउंडमध्ये राहायचो. घंटा झाली की आई आमच्या वेण्या घालता घालता ओरडायची, नाना पेटीवर बसायला आधीच गेलेले असायचे. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मुलं पुढे सतरंजीवर. उपदेश लांबायचा. पण वर्षातून एकदा हंगामाचा सण यायचा, त्याची वाट आम्ही नाताळाइतकीच बघायचो. त्या दिवशी वेदीपुढे बाजार भरल्यासारखं दिसायचं. ज्वारीची कणसं, उसाच्या मोळ्या, दुधी, पेरू, शेणाने सारवलेल्या टोपलीत अंडी, आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. पाळकसाहेब प्रार्थना करायचे आणि बरोबर मध्येच एखादा कोंबडा आरवायचा. सगळी सतरंजी खिदळायची.

उपासना संपली की लिलाव. बोली पुकारायला शांतवनकाका. एक अंडं वीस रुपयांना जायचं, तेव्हा बाजारात ते आठ आण्याला मिळे. घेणारा पैसे टाकायचा आणि अंडं परत टेबलावर ठेवायचा, की पुन्हा बोली. एकच अंडं चारदा विकलेलं मी पाहिलंय. त्या पैशातून छपराचे पत्रे, पाळकांचा पगार, एखाद्या विधवेच्या पोराची फी. नानांना बोली चढवायची भारी खोड. घ्यायचं काही नसायचं, पगार शिक्षकाचा, पण समोरच्याला पन्नासपर्यंत न्यायचं आणि मग गप्प व्हायचं. एका वर्षी समोरचाच आधी गप्प झाला आणि नानांच्या गळ्यात एक म्हातारा कोंबडा पडला. तुझी आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. कोंबडा शिजायलाही तेवढाच वेळ लागला.

हसू नकोस, मी मुद्द्यावरच आहे. त्या सतरंजीवर साखर कारखान्यातला क्लार्क, मिशन दवाखान्यातले डॉक्टर, नगरपालिकेत झाडू मारणाऱ्या बाई, सगळ्यांची पोरं मांडीला मांडी लावून बसायची. गावात ती एकमेकांच्या ओट्यावर चढली नसती. घरात कुणी गेलं की ज्यांच्याशी वर्षभर अबोला तेही येऊन बसायचे, अभंग म्हणायचे, स्वयंपाक करून पाठवायचे. बोलवावं लागायचं नाही. देव आकाशात आहे की मनात, हे आम्हाला कुणी नीट समजावल्याचं आठवत नाही. मंडळी होती, आणि तिच्यात तोही असणार असं धरून चाललेलं.

हे सगळं गोड गोड वाटत असेल तर विमलमावशीचं ऐक. तिला मागणी घालणारा मुलगा ख्रिस्ती, तोही तिसऱ्या पिढीचा, नोकरीवाला. तरी दोन्हीकडच्या थोरामोठ्यांना नेमकं आठवलं की बाप्तिस्म्याआधी कोण कुठल्या वाड्यातलं. प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून पिणारी माणसं ही. लग्न मोडलं. मावशी एकटीच राहिली आणि आयुष्यभर तिथेच शब्बाथ शाळा घेत आली. ज्यांनी मोडलं त्यांच्याच नातवंडांना तिने दहा आज्ञा पाठ करवल्या. मी एकदा रागाने विचारलं, तू सोडून का नाही दिलंस? ती म्हणाली, "का? चर्च त्यांच्या बापाचं आहे का?"

मला याहून चांगलं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. पाळकांनीही नाही.

आणि हे सगळ्यांनीच मुकाट सोसलं असंही नाही. नारायण वामन टिळक, ज्यांचे अभंग नाना पेटीवर वाजवतात, त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरलाच वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून दिली. 'देवाचा दरबार' भरवायचा म्हणाले, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे ख्रिस्ताचे म्हणून एकत्र. दोनच वर्षांत ते गेले, त्यामुळे त्या दरबाराचं पुढे काय झालं असतं कोण जाणे. मोठ्या आजीला अभंग पाठ, पण दरबार पटायचा नाही. "मग रजिस्टर कशाला ठेवायचं?" म्हणायची.

आता इथलं. आपण जातो ते युनायटेड चर्च ऑफ कॅनडा. १९२५ मध्ये मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन असे वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेलं, जसं आपल्याकडे १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्या निवासी शाळांपैकी काही या चर्चनेही चालवल्या, हे तुला माहीत असलंच पाहिजे. १९८६ मध्ये त्यांनी आदिवासी लोकांची माफी मागितली, १९९८ मध्ये शाळांबद्दल पुन्हा वेगळी. माफीने मुलं परत येत नाहीत, तू म्हणशील. बरोबर आहे. पण मी पहिल्यांदा तिथे बसले तेव्हा पाळकबाई वेदीवरून स्वतःच्याच चर्चचा गुन्हा मोठ्याने सांगत होत्या, आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या खाली मान घालून ऐकत होत्या. आमच्या नगरच्या चर्चमध्ये मावशीबद्दल असं कुणी कधी उभं राहून बोललं नाही. मला वाटतं मी त्यासाठी जाते. आणि तळघरात गुरुवारी धान्य वाटायला माणसं लागतात त्यासाठी. आणि उपासनेनंतरच्या कॉफीसाठीही, तू चिडवतेस ते खोटं नाही.

तू यायलाच हवंस असं मी म्हणत नाही. म्हणणार नाही असं ठरवलंय, अधूनमधून तोंडातून निघालं तर दुर्लक्ष कर. पण सोनाबाईचं खरंच जाणून घ्यायचं असेल तर मावशीला फोन लाव, आता तीच एकटी उरली आहे सांगायला. शनिवारी रात्री आपले दहा वाजले की नगरला रविवारची सकाळ असते. ती चर्चला निघायच्या घाईत असते, तरी उचलते. आधी "सलाम" का नाही म्हणालीस म्हणून झापेल, मग बैलगाडीची गोष्ट सांगेल. नाना शेजारी असले तर मधे बोलतील, ते मोठ्या आजीच्या बाजूचे आहेत. तू मावशीलाच बोलू दे.

तुझी,
आई