‘कॅझुइस्ट’ : अर्थ आणि व्युत्पत्ती

‘कॅझुइस्ट’ म्हणजे सूक्ष्म नीतिविचार करणारा पंडित की शब्दांचा कीस काढून पळवाट शोधणारा, आणि त्याला मराठीत काय म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही अर्थ रूढ आहेत. मात्र पहिला मूळचा आणि दुसरा वादातून चिकटलेला आहे.

लॅटिनमध्ये ‘कादेरे’ म्हणजे पडणे. त्यावरून ‘कासुस’ म्हणजे पडणे आणि पुढे ओढवलेला प्रसंग. कोर्टातली ‘केस’ही याच मुळाची. स्पॅनिश व फ्रेंच भाषांच्या वाटेने ‘कॅझुइस्ट’ सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आला. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने कॅथलिकांना वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केले होते. निवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला त्या-त्या प्रसंगी दोष किती, हे ठरवावे लागे आणि त्यासाठी प्रसंगवार निर्णयांचे ग्रंथ रचले गेले. असे निर्णय देणारा तो कॅझुइस्ट.

पुढे या विचाराला फाटे फुटले. ‘मी हे केले नाही’ असे शपथेवर म्हणून ‘जन्मण्यापूर्वी’ एवढे शब्द मनात जोडले तर ते असत्य ठरत नाही, असेही मत मांडले गेले. १६५६-५७ मध्ये फ्रेंच विचारवंत पास्काल यांनी आपल्या अठरा पत्रांतून जेझुइट या कॅथलिक संघातील पंडितांच्या अशा मतांवर कोरडे ओढले आणि तेव्हापासून या शब्दाला आलेला हिणकस वास गेला नाही. माझ्या मते हा मूळ विद्येवर अन्याय आहे, कारण सामान्य नियम विशिष्ट प्रसंगाला कसा लावावा, हा प्रश्न कोणत्याही नीतिविचाराला चुकत नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची कथा येते. त्याने सत्यव्रत पाळण्यासाठी लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना दाखवली, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही कथा सांगून अर्जुनाला युधिष्ठिराचा वध करायला लावणाऱ्या प्रतिज्ञेच्या पेचातून सोडवणारा कृष्ण मूळ अर्थाने कॅझुइस्टच ठरतो.

‘आपद्धर्म’ या शब्दातील ‘आपद्’ही ‘पद्’ म्हणजे जाणे, पडणे या धातूपासून आला असून ओढवलेला प्रसंग असाच अर्थ देतो, हे साम्य मला फार अर्थपूर्ण वाटते. तरीही आपद्धर्म संकटापुरता असतो आणि कॅझुइस्टचे क्षेत्र त्याहून मोठे आहे. म्हणून चांगल्या अर्थी ‘प्रसंगमीमांसक’ आणि निंदेच्या अर्थी, न्याय या भारतीय दर्शनातील ‘वाक्छल’ (बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम वेगळा अर्थ लावणे) या संज्ञेला धरून, ‘वाक्छली’ असे दोन वेगळे शब्द मी सुचवेन.