पांढरं पांढरंच दिसण्यासाठी

प्रश्न : खोलीत मुलाखत चित्रित करताना एकाच शॉटमध्ये चेहरा आधी पिवळट, मग निळसर दिसतो. कॅमेऱ्यात बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड नाही, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार पांढरं पांढरंच दाखवणारी सेटिंग) 'ऑटो'वर राहिला आहे. निळ्या कपड्यातलं कुणी चौकटीत आलं किंवा कॅमेरा खिडकीकडे वळला की ऑटो नव्याने अंदाज बांधतो आणि रंग सरकतो. असा सरकत गेलेला रंग संकलनात जुळवणं फार जिकिरीचं असतं. त्यामुळे चित्रणाआधी व्हाइट बॅलन्स हाताने लावायला पाच मिनिटं काढाच.

दिवे जागेवर लावून झाले की ग्रे कार्ड (कुठलीही रंगछटा नसलेलं करडं कार्ड) बोलणाऱ्याच्या चेहऱ्यापाशी, चेहरा जिकडे वळलेला असेल तिकडेच तोंड करून धरा. कार्ड कॅमेऱ्याजवळ धरलं तर त्यावर वेगळाच प्रकाश पडतो. सर्वाधिक घोटाळे इथेच होतात. झूम करून चौकटीचा मधला भाग कार्डाने भरा आणि आधी एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लावा. पांढरं कार्ड असेल तर त्याचा उजळपणा कमाल पातळीच्या ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ते जळालं, म्हणजे चित्रात अति उजळ झालं, तर लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग कमाल पातळीला टेकतात आणि कॅमेऱ्याला फरक मोजताच येत नाही.

व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सचा स्विच 'ए' किंवा 'बी'वर हवा, 'प्रीसेट'वर माप साठवलं जात नाही. माप घेण्याचं बटण दाबल्यावर पडद्यावर 'ओके' येईपर्यंत कार्ड हलवू नका. बऱ्याच फोटो कॅमेऱ्यांत कार्डाचा फोटो काढून तो मेनूतल्या 'कस्टम व्हाइट बॅलन्स'मध्ये निवडतात. त्यानंतर व्हाइट बॅलन्सही 'कस्टम'वर न्यावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं.

कार्डाऐवजी छपाईचा कागद शक्यतो नको. तो शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायनं उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर चमकतात. ती निळाई मारायला कॅमेरा सगळं चित्र पिवळट करतो.

प्रश्न : केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप; जास्त केल्विन म्हणजे निळा प्रकाश. मग कॅमेऱ्यात आकडा वाढवल्यावर चित्र पिवळं का होतं?

उत्तर : कारण तो आकडा म्हणजे 'समोरचा प्रकाश असा आहे' ही तुम्ही कॅमेऱ्याला दिलेली माहिती. ७००० म्हटलंत की कॅमेरा प्रकाश निळा धरून चालतो आणि उलट बाजूने पिवळा वाढवतो. टंगस्टन (तारेच्या, पिवळट) दिव्याला ३२००, दुपारच्या उन्हाला ५६००, सावलीला ७००० ते ८००० इथून सुरुवात करा. स्वस्त एलईडीची हिरवी झाक मात्र केल्विनने जात नाही. त्यासाठी 'टिंट' ही हिरवा-मॅजेंटा तोलाची सेटिंग मॅजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) सरकवा.

प्रश्न : एका गालावर खिडकीचा उजेड, दुसऱ्यावर टंगस्टन दिवा. काय ठेवू?

उत्तर : दोन्ही गाल जुळवणारी सेटिंग नाही; प्रकाशच जुळवावा लागतो. दिव्यावर फुल सीटीबी जेल (प्रकाश निळा करणारी पारदर्शक रंगीत फिल्म) लावा, ३२००चा प्रकाश ५६००च्या जवळ येतो. उजेड सुमारे दीड स्टॉप घटेल (एक स्टॉप घटणं म्हणजे उजेड निम्मा होणं). दिवा तितका दमदार नसेल तर खिडकीच्या काचेला फुल सीटीओ (प्रकाश नारिंगी करणारी जेल) लावा किंवा सरळ पडदा ओढा. जेल लावल्यावर कार्डावर पुन्हा माप घ्या.

प्रश्न : फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढले तरी हे सगळं करायचं का?

उत्तर : रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर बदलला तरी नुकसान होत नाही. प्रकाश बदलेल तेव्हा कार्डाचा एक फोटो काढून ठेवा, पुरे. जेपेग आणि नेहमीच्या आठ बिट व्हिडिओत ही मोकळीक फार थोडी मिळते.